बारा बेडकांची जात

सहादेवला कॉलेजातून काढून टाकलं. बरं, ते राहू द्या; तसं काही अजून घडलंच नाही असं धरू. कारण त्र्याहत्तरच्या मार्चमधल्या त्या सकाळी तो अजून प्रयोगशाळेचा शिपाई होता, त्याच्या बादलीत बारा बेडूक होते, आणि सात वर्षं हंगामी काढल्यावर एक तारखेला तो कायम होणार होता.

बाहेरगावचे परीक्षक सुमंत सर यांनी एक बेडूक उलटा केला आणि मागच्या पायाची टाच चिमटीत धरली. बारा पोरं कात्र्या उगारून थांबली.

"शामकांतराव, हा अभ्यासक्रमातला बेडूक नाही."

विभागप्रमुख शामकांत सरांनी सहादेवकडे असं पाहिलं, की जणू बेडकाला त्यानंच जन्म दिला.

"सारखाच दिसतो की, सर," ते परीक्षकांना म्हणाले.

"टाच बघा. फावडं आहे फावडं! परीक्षा रद्द करावी लागेल."

बादलीतून एकजण डरावला. तोही चुकीच्या जातीचा.

"सायेब, बोलू का?" सहादेव बादली पुढं सरकवत म्हणाला. "बुकातला बेडूक पान्याकाठी ऱ्हातो. दोन साल पाऊस न्हाई, पानी गेलं तसा त्यो बी गेला. सोनईपास्नं काष्टीपतुर हिंडलो, एक घावला न्हाई. ह्यो त्याचा चुलतभाव. टाचंला फावडं हाय म्हून भुईत शिरून जगलाय. आठ दिस तळ्याचा तळ खनला, तवा बारा निगालं. आतनं दोगं सारखंच. फाडून बगा."

फाडून बघितलं. सारखेच होते. काळीजसुद्धा पुस्तकातल्या जागी.

सुमंत सरांनी घड्याळ पाहिलं. एसटी तीनची होती. अहवालात त्यांनी लिहिलं : 'बेडूक अभ्यासक्रमाप्रमाणे.'

"वाचवलंस रे, सहादेव!" शामकांत सर घाम पुसत म्हणाले.

ट्रे धुताना सहादेवनं, का कोण जाणे, एक मागचा पाय, टाचेच्या फावड्यासकट, फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून ठेवला.

एक तारखेला हेडक्लार्क रंगनाथरावांनी फाइल उघडली. "आठ दिवस गैरहजर. कारण, बेडकांसाठी खणणे. अरे, अहवालात तर अभ्यासक्रमातला, म्हणजे पाण्याकाठचा बेडूक आहे. तो जाळीनं धरतात. मग तू खणत काय होतास? सेवेत खंड पडला; कायम होणं राहू दे, उद्यापासून येऊच नकोस."

सहादेवनं शेजारी बसलेल्या शामकांत सरांकडे पाहिलं. सर वरच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

संध्याकाळी सहादेवनं शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला :

'मा. प्राचार्य यांचे सेवेशी. सबब नम्र विनंती की, सदर बारा बेडकांची जात पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त करून मिळावी. सोबत : बाटली एक. आत पाय, डावा, एक.'