नाप्पा जिंकली ती संध्याकाळ

"पान मारायचं नाही. पहिल्याच डावाला बी टाकायचं," ओबाता म्हणाला. "एकदा बी रुजलं की बेडूक झोपो नाहीतर उठो, त्याच्या अंगातली ताकद थोडी थोडी नाप्पाकडे येत राहणार. तुम्ही काही करायचं नाही. नुसतं सोसायचं."

"ते जमतं मला," हिसाए म्हणाली आणि चष्मा नाकावर सरकवून पुन्हा हातातल्या गेमच्या पडद्यात बघू लागली.

ओबाताचं दुकान जुन्या व्हिडिओ गेमचं. तो स्वतः पन्नाशीचा, केसांची शेपटी बांधणारा, आणि गिऱ्हाईक शाळकरी असो की दाढीवालं, सगळ्यांशी सारख्याच कंटाळ्याने बोलणारा. पण गेल्या हिवाळ्यात ही बाई शाळेच्या स्वयंपाकघरातून थेट आली, अंगाला मिसोच्या साराचा वास घेऊन काउंटरपाशी उभी राहिली आणि "नाव नाही माहीत, पण असं वाजतं" म्हणून तिने चक्क एक धून गुणगुणून दाखवली. तेव्हापासून तिच्यापुरता तो आपला कंटाळा बाजूला ठेवी. धून त्याने लगेच ओळखली होती. रानात हिंडून विचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे, असा तो खेळ. हिसाएला ती धून रोज भिंतीतून ऐकू येई.

भिंतीपलीकडे तिचा मुलगा तोमोनोरी असे. ओसाकातली नोकरी सोडून तो त्या खोलीत शिरला तेव्हा तिशीही आली नव्हती त्याला. आता चाळिशी दारात होती आणि दार बंद होतं. जेवणाचं ताट ती दाराबाहेर ठेवी, रिकामं झालेलं उचली. आंघोळ तो ती कामावर गेल्यावर करी. नवरा जिवंत होता तोवर दारावर धक्के मारायचा. तो गेला, धक्केही थांबले. नगरपालिकेची माणसं येऊन, चहा पिऊन, धीर धरायला सांगून गेली. धीर धरायला सांगायला कुणाचं काय जातं! तोमोचा शेवटचा शब्द कोणता होता हे तिला आठवत नसे, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटे. 'सोया सॉस' असं काहीतरी असणार. शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

ओबाताने तिला तसाच एक जुना गेम दिला आणि सुरुवातीला तीन पिल्लांतलं एक निवडायला सांगितलं. एक आगीचं, एक पाण्याचं, एक गवताचं; आग गवताला भारी, गवत पाण्याला, पाणी आगीला. तिने गवताचं घेतलं. मुळ्यासारखं गोरं अंग, डोक्यावर पाल्याचा झुबका. जन्मभर पालेभाज्या धुतलेल्या बाईने त्याचं नाव नाप्पा ठेवलं, म्हणजे नुसती भाजी. खेळाडूचं नाव विचारलं तेव्हा तिने घरावरच्या पाटीसारखं 'कुरामोची' असं आडनाव लिहिलं.

पहिल्या संध्याकाळी भिंतीला पाठ लावून तिने गेम चालू केला आणि पडद्यावर ओळ आली: जवळ एक खेळाडू आहे. तोमो.

'आव्हान द्या' वर तिचा अंगठा बराच वेळ नुसता टेकून राहिला. मग दाबला गेला. आणि पलीकडून आव्हान स्वीकारलं गेलं. आगीचा एक पक्षी आला, त्याने पंख झटकला आणि नाप्पाची राख झाली. पापणी लवेपर्यंत सगळं आटोपलं. हिसाए गेम छातीशी धरून रडली. मुलाने इतक्या वर्षांनी तिला उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी पक्षी आला नाही. एक मंद, फुगीर बेडूक आला, पाणी थुंकणारा. त्यानंतर रोज तोच. नाप्पा पानाचे फटके मारी, बेडूक घायाळ होई, मग डुलकी काढून ताजातवाना उठे आणि पुन्हा पाणी थुंके. त्या थुंकण्याने नाप्पाचं फारसं बिघडत नसे, पण शेवटी मारायची पानं संपत आणि थेंबाथेंबाने ती मरे. तोवर टीव्हीवरच्या बातम्या संपलेल्या असत. तेवढा वेळ ती आणि तिचा मुलगा एकाच भिंतीला दोन बाजूंनी टेकून बसलेले असत. रविवारी ती दिवसभर नाप्पाला रानात फिरवून, किडेमुंग्यांशी झुंजवून मोठी करी. तरी संध्याकाळी बेडूकच जिंके.

"पाण्याचा प्राणी, आणि तो गवतापुढे?" ओबाता ऐकून म्हणाला होता. "तुमचा मुलगा जरा कच्चाच म्हणायचा."

"कच्चा कसा असेल? लहानपणापासून खेळतोय," असं म्हणताना तिच्या आवाजात किंचित धार आली होती.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्या शेजारच्या कढईवर नुकागा असे. दोघींनी मिळून निम्म्या गावाच्या पोरांना जेवू घातलं होतं.

"काय गं हिसाए-चान, काल कोण? बेडूक की भाजी?"

"बेडूक."

"साठी उलटली तुझी आणि रोज बेडकाच्या हातचा मार खातेस. सोड की."

"एकदा जिंकायचंय मला."

"जिंकून काय, पदक मिळणारे?"

"चहा मिळणारे," हिसाए म्हणाली. "आमच्या घरात हरेल त्याने चहा करून आणायचा. पत्ते असोत, भोवरे असोत. तोमोचे वडीलसुद्धा आणायचे, तोंड वाकडं करून. तोमोनं तो नियम कधी मोडला नाही. इवलासा होता तेव्हा अर्धा चहा ट्रेमध्ये सांडत यायचा, पण यायचा."

नुकागाच्या हातातला डाव कढईत थांबला. "म्हणजे तो हरला की बाहेर येईल असं वाटतंय तुला?"

"येईल."

"बाई गं," नुकागा म्हणाली आणि सार ढवळू लागली.

ओबाताने बी टाकायला सांगितलं त्या संध्याकाळी हिसाएने आधी किटली भरून ठेवली. दोन कप काढले. मग भिंतीपाशी बसून आव्हान दिलं. बेडूक आला. तिने बी टाकलं.

बी बेडकाच्या पाठीवर रुजलं आणि त्याला वेल फुटला. बेडकाने पाणी थुंकलं. नाप्पाला लागलं, पण वेलातून बेडकाची ताकद आली आणि भरून निघालं. बेडूक झोपला. झोपेतही वेल त्याला चोखत राहिला. तो उठला तेव्हा उठण्याइतकाच उरला होता. पलीकडून पुढचा हुकूम यायला वेळ लागला, नेहमीपेक्षा बराच. मग बेडकाने पुन्हा तसंच, थोडंसं पाणी थुंकलं आणि तो आडवा झाला. बातम्या अजून सुरूही झाल्या नव्हत्या.

'कुरामोची जिंकली.'

हिसाएने टाळ्या वाजवल्या. वाजवायच्या नव्हत्या, हे तिला नंतर कळलं. इतक्या महिन्यांत दोघांपैकी कुणीही भिंतीतून आवाज केला नव्हता, आणि त्या न बोलण्यावरच सगळं उभं होतं. पण आनंद कुठे विचारून येतो? ती भिंतीवर हात मारून मोठ्याने म्हणाली, "तोमो, हरलास बघ. चहा आण. दोन कप काढून ठेवलेत मी. आण ना रे. आईला चहा आण."

पलीकडे काही हललं नाही. नंतर एक बारीक टक् असा आवाज झाला आणि तिच्या पडद्यावरून 'तोमो' हे नाव गेलं.

किटलीतलं पाणी तिने एकदा उकळलं. मग निवल्यावर पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी ताट जसंच्या तसं दाराशी होतं. मग जेवण आत जाऊ लागलं, पण पडद्यावर नाव आलं नाही. रोज संध्याकाळी ती गेम उघडी आणि पडद्यावर येई: जवळ कुणी खेळाडू नाही. भिंतीतून धूनही येईना. ती दाराशी जाऊन हळूच म्हणाली, "चहा नको मला. मी मुद्दाम हरेन." दार ऐकून घेतं तेवढंच त्याने ऐकून घेतलं.

आणि एका सकाळी रिकाम्या ताटाशेजारी पारदर्शक पिशवी होती. न जळणाऱ्या कचऱ्याची. आत तोमोचा गेम. बॅटरी वेगळी काढून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावलेली, नियमाप्रमाणे. कचरा कुणाचा ते कळावं म्हणून पिशवीवर 'कुरामोची' असं त्याच्या हाताने लिहिलेलं. कचरा कसा वेगळा करायचा हे तिनेच त्याला शिकवलं होतं. इतकं व्यवस्थित शिकवलं होतं.

ती पिशवी आणि आपला गेम घेऊन ओबाताकडे गेली. त्याने बॅटरी बसवली, गेम चालू केला आणि बटणं दाबत राहिला.

"बिघडलाय का?"

"नाही." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "हे सहा प्राणी त्याचे. पाच आगीचे. असे वाढवलेले मी या गावात पाहिले नाहीत. यातला कुठलाही एक आला असता तर तुमची नाप्पा एका फटक्यात गेली असती."

"पहिल्या दिवशी गेली होती. पक्षी होता."

"आणि हा सहावा बेडूक. कुठला प्राणी कधी पकडला ते इथे दिसतं. हा तुमच्या त्या पहिल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पकडलाय." ओबाताने शेपटीवरून हात फिरवला. "कच्चा मी होतो, कुरामोची-सान. गवतापुढे पाणी म्हणजे गवताला लागायला नको म्हणून. मध्येच झोपायचं, ते डाव लांबावा म्हणून. हा बेडूक त्याने तुमच्यासाठी वाढवला, नाप्पाच्या बरोबरीने. ती जरा मोठी झाली की हाही जरासाच मोठा."

"मग शेवटी मला हरवायचा कशाला?"

"हरलेला माणूस उद्या परत येतो, म्हणून असेल."

हिसाए काउंटरला धरून उभी राहिली. "मला वाटायचं मीच त्याला भेटायला जाते रोज," ती म्हणाली. "तोही येत होता होय? येत होता, आणि मी त्याला चहा मागितला."

ओबाताने दोन्ही गेम फडक्याने पुसून एका पिशवीत घालून दिले.

संध्याकाळी तिने भात लावला आणि भिंतीपाशी दोन्ही गेम मांडीवर घेऊन बसली. डाव्या हातात नाप्पा, उजव्या हातात बेडूक. दोन्हीकडचे हुकूम तिनेच द्यायचे. आवाज तिने पूर्ण वाढवला. धून खोलीभर वाजू लागली, भिंतीपलीकडे गेलीच असणार. नाप्पाने पान मारलं. बेडकाने पाणी थुंकलं. बेडूक झोपला, उठला. तिने कान भिंतीला लावला.

पलीकडे टीव्ही सुरू झाला. मग त्याचा आवाज वाढला, इतका की बातम्यांतला शब्दन् शब्द ऐकू येऊ लागला.

तिने दोन्ही गेमचे आवाज बंद केले. नाप्पाचा हुकूम देऊन झाला होता. बेडकाचा द्यायचा होता, पण उजव्या हाताचा अंगठा तिने उचलून घेतला. डाव्या पडद्यावर ओळ आली: समोरचा खेळाडू विचार करत आहे.

ती ओळ तिने तशीच राहू दिली. भाताच्या विजेच्या कुकरची घंटा वाजली. ती उठली नाही.