डावा पंखा, उजवा खांदा

मित्रांनो, मी एक जुनं प्रवासी विमान आहे, आणि मला बसवत नाही.

वस्तुसंग्रहालय ही खरं तर बसण्याचीच जागा. माझ्या शेजारचा रणगाडा तर बसण्यासाठीच जन्माला आल्यासारखा बसलाय. माझ्या जातीची विमानं मात्र जमिनीवर शेपटी टेकतात आणि नाक वर करून उभी राहतात. त्यामुळे मला सदानकदा छपराच्या कडेपलीकडची आभाळाची पट्टी दिसत राहते. उपाशी माणसाला भरल्या ताटासमोर हात बांधून बसवावं, तसलं हे सुख आहे.

ही चुळबुळ माझ्यात कारखान्यातच आली असावी. तेव्हा पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागत. एक बाहेरून ठोकी, दुसरं आत अंग चोरून लोखंडाचा ठोकळा धरी. माझ्या शेपटीवर नवरा-बायकोची जोडी होती. ती बाहेर, तो आत.

"नीट धर की!"

"नीटच धरलंय. तू आधी नीट मार!"

दिवसभर हे चाले. असली हजारो भांडणं एकत्र ठोकून मी तयार झालो. स्वस्थपणा येणार कुठून?

पुढची वर्षं मात्र काय सांगू! माझ्यात अठ्ठावीस खुर्च्या होत्या. लोक लग्नाला निघाल्यासारखे नटून येत आणि आधी सामानासकट काट्यावर उभे राहत, कारण माझ्यात कुणी कुठे बसायचं ते वजनावर ठरे. काट्यावरचा कारकून आकडा मोठ्यांदा ओरडे. कितीतरी संसारांत त्या आकड्याने पहिली ठिणगी टाकली असेल. पण एकदा चाकं सुटली की सगळे गप्प होत आणि खिडकीला नाक लावत. खाली आपलं घर काडेपेटीएवढं दिसलं की भांडण टिकत नाही.

मग मोठी, वेगवान विमानं आली. माझ्या खुर्च्या निघाल्या आणि मी कोंबड्यांची पिल्लं वाहू लागलो. पिल्लं खिडकीतून बघत नाहीत, पण वजनाच्या आकड्यावरून भांडतही नाहीत. त्यानंतर तेही संपलं. माझी भावंडं वितळवून त्यांची पातेली केली. मी उरलो, पण यात माझं कर्तृत्व शून्य. मला न्यायला येणारा भंगाराचा ट्रक वाटेत बंद पडला आणि तेवढ्यात संग्रहालयाला विमान हवं असल्याचं कुणाला तरी आठवलं. तोवर उजवं इंजिन विकलं गेलं होतं. त्या जागी आज नुसतं टोपण आहे. जिवंत असं म्हणाल तर माझं डावं इंजिन, बस्स.

संग्रहालयाच्या साहेबांचा जीव पॉलिशमध्ये. ते मला रोज पुसून घेत, इतकं की लोक माझ्यात बघून भांग पाडत. समोर त्यांनी पाटी लावली होती, 'हात लावू नये'. आता पुसल्याने माझं बाहेरून भागतं, पण आत काय? माझ्या इंजिनात सिलिंडर गोलाकार बसवलेले आहेत; ते नुसतं उभं राहिलं की तेल थेंबाथेंबाने खालच्या सिलिंडरांत साचतं. अधूनमधून कुणी पंखा हाताने फिरवला तर ठीक, नाहीतर इंजिन सुरू करताक्षणी ते तेल दबत नाही आणि आतला दांडा मोडतो. मला हे ठाऊक होतं, पण विमानाला कोण विचारतो?

मग पहाऱ्यावर मावशी आल्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत, साहेबसुद्धा, आणि साहेब त्यांच्याहून वयाने मोठे होते. मावशींचा उजवा खांदा धरला होता, वेणी घालायलाही सून लागायची. एका सोमवारी, संग्रहालय बंद असताना, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दोरीखालून आत शिरल्या, डाव्या पंख्याचं वरचं पातं दोन्ही हातांनी धरलं आणि "आई गं" म्हणत खाली ओढलं. मग दुसरं. मग तिसरं.

मित्रांनो, कितीतरी वर्षांनी माझ्या आत काहीतरी हललं!

त्यानंतर त्या दर सोमवारी येत. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या खांद्यासाठी ओढत आणि ओढता ओढता सुनेबद्दल बोलत. सून सापडेल तिथे शिवणाचे कपडे पसरते, घरात पाय ठेवायला जागा नाही, "आणि वर मलाच म्हणते, आई, तुम्ही आता आराम करा. कुठे करू, शिलाई मशीनवर?" अशी दोन वर्षं गेली. त्यांचा हात डोक्यापर्यंत जाऊ लागला आणि माझं तेलही हलतं राहिलं.

एके दिवशी साहेबांना पात्यावर बोटांचे ठसे दिसले.

"मावशी, हे काय?"

"माशा बसल्या असतील, साहेब."

"माशांना अंगठे असतात? पुन्हा हात लागलेला दिसला, तर तुम्ही घरी बसायचं."

घरी बसणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. मावशींचा सोमवार बंद झाला. आणि नेमकं महिन्याभराने संग्रहालयाचा वर्धापनदिन होता. पाहुण्यांसमोर माझं इंजिन सुरू करायचं ठरलं होतं! इतकी वर्षं जी गोष्ट मागत होतो ती आली, ती गळ्याशी येऊनच. रोज आत एकेक थेंब उतरत होता आणि मी बाहेरून चकाकत होतो.

त्या दिवशी पाहुणे वेळेआधी आले आणि बाहेरून बोलावलेल्या इंजिनिअरबाई उशिरा. त्यांनी धावतच विचारलं, "पंखा हाताने फिरवून बघितलाय ना?"

"सगळं बघितलंय," साहेब म्हणाले. "रोज पॉलिश होतं."

बाई आत चढल्या. पंख्याला लाल फीत बांधायला मावशी पुढे आल्या.

"पातं जरा सरळ करा," साहेब हळूच म्हणाले. "फोटोत वाकडं दिसतंय."

मावशींनी ढकललं. पातं जागचं हललं नाही. त्यांनी सगळा भार टाकला, तरी नाही. त्या थबकल्या. गप्प राहिल्या असत्या तर नोकरी शाबूत होती. मी आतून ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे नुसती चकाकी.

"ताई, थांबा!" मावशी वर बघून ओरडल्या. "सुरू करू नका. याचा खांदा धरलाय!"

"पंख्याला कसला खांदा?" साहेब चिडले.

"महिन्यापूर्वी फिरत होता."

"तुम्हाला काय माहीत?"

मावशींनी पदर खोचला. "मीच फिरवत होते. दोन वर्षं. डॉक्टर म्हणाले, उंचावरचं जड काहीतरी खाली ओढत जा. आमच्या घरी एवढं उंच काही नाही."

इंजिनिअरबाई शिडीवरून उतरल्या नाहीत, घसरल्याच. त्यांनी खालच्या सिलिंडरांचे प्लग काढले आणि काळं तेल भळाभळा लाल गालिचावर सांडलं, थोडं साहेबांच्या बुटांवरही. "दांडा मोडला असता," त्या म्हणाल्या. "मग जन्मभर पॉलिशच करत बसायचं होतं."

मग त्यांनी आणि मावशींनी मिळून पंखा फिरवला, प्लग बसवले आणि बाईंनी पुन्हा आत चढून कळ दाबली. मी खोकलो. पाहुण्यांवर धूर सोडला. आणि सुरू झालो! चाकांपुढच्या ठोकळ्यांवर मी असा रेललो की रणगाडासुद्धा सरकल्यासारखा वाटला.

भाषणात साहेबांनी सगळं श्रेय पॉलिशला दिलं. पण मावशींना घरी बसवलं नाही, कारण इंजिनिअरबाई पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "ही बाई नसेल तर पुढच्या वर्षी मीही नाही." पाटी अजून आहे. सोमवारी तेवढी साहेब ती स्वतः उलटी करून ठेवतात.

मावशींचा खांदा केव्हाच बरा झालाय. डॉक्टरांना त्या तसं सांगत नाहीत.

मित्रांनो, पुसून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. तुमच्याही घरात कुणी असेल, नीटनेटकं, कोपऱ्यात, 'आता आराम करा' म्हणून बसवलेलं. त्याला हात लावा. काही काम सांगा, उठवा, जरा फिरवा.

आज रविवार आहे. सोमवार फारच सावकाश येतोय. माझ्याकडे सोपवला असता, तर मी केव्हाच पोचवला असता.