नखावरची शाई

आमच्या वाड्यात दोन प्रकारची माणसं मतदारयादीतून कधी जात नाहीत: मेलेली आणि विलायतेत स्विंडनला गेलेली. मेलेल्यांचा काही त्रास नाही, ती मत द्यायला येत नाहीत. स्विंडनवाली मात्र कधीकधी येतात.

लाविनो असाच आला. शेजारच्या सांतानवहिनीचा एकुलता एक मुलगा. तिकडे एका गोदामात खोकी भरतो, आणि इकडे आला की वाड्याला वाटतं साहेब आला. सांजांवच्या सणाला विहिरीत उड्या मारायच्या, आईच्या हातचं सोरपोतेल खायचं आणि परत जायचं, एवढाच त्याचा बेत होता. पण सणाच्या आधी पंचायतीची निवडणूक लागली, तिथे पोरगं सापडलं.

त्याचा बाप दियोग माझा जिवलग. आम्ही दोघं जन्मलो ते पोर्तुगिजांच्या राज्यात. दुसरीत होतो तेव्हा राज्य बदललं. आम्ही कुठे गेलो नाही, घरीच पेज खात बसलो होतो, देशच उठून गेला. त्या काळात जन्मलेल्या माणसाने आपला जन्म लिस्बनमध्ये नोंदवला की तो पुन्हा पोर्तुगीज होतो, आणि त्याच्यामागोमाग त्याची मुलंही. पोर्तुगीज पासपोर्टावर तेव्हा विलायतेत काम करता यायचं, अर्धा सासष्टी तालुका त्या वाटेने तिकडे गेला. दियोग तेवढा गेला नाही. तो म्हणायचा, पहिल्यांदा त्यांनी मला न विचारता आपलं केलं, आता मी त्यांच्या दारात विचारायला जाणार नाही. सांतानवहिनीला नवऱ्याच्या या वाक्याचा फार अभिमान. आल्यागेल्याला ऐकवायची.

दियोग वारला आणि वर्षभरात लाविनोने मडगावचा एजंट गाठला. आधी मेलेल्या बापाची नोंद करून घेतली, मग स्वतःची. म्हणजे माझा मित्र मेल्यावर पोर्तुगीज झाला. हयात असता तर एजंटाला चपलेने मारलं असतं. पण पोराला दोष देऊन काय उपयोग? इथे नोकरी नव्हती, घराची कौलं गळत होती, आणि आज त्या घरावर जे नवं छप्पर आहे ते स्विंडनच्या खोक्यांचं आहे.

आता आपलं सरकार दोन देश एका खिशात ठेवू देत नाही. दुसरा घेतला की पहिला आपोआप गेला, जुना पासपोर्ट जाऊन जमा करायचा. लाविनोने तो केला नाही. तो पासपोर्ट आणि मतदार ओळखपत्र आईच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलक्लॉथखाली तसंच पडून होतं. कपाट उघडलं की तिला ते दिसायचं आणि बरं वाटायचं. तिला त्याने सांगितलं होतं, तिकडे कामाचं परमिट आहे, जायला-यायला तेच चालतं. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. तीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाच्या पोटात गोष्ट राहते, असा त्याचा समज.

मतदान रविवारी होतं. आमच्याकडे त्या दिवशी चर्चमधलं सकाळचं मिस, म्हणजे रविवारची प्रार्थना, संपलं की सगळा वाडा तसाच, चर्चच्या कपड्यांत, शेजारच्या शाळेत जाऊन रांग लावतो. घरी जाऊन मग येऊ म्हणायची सोयच नाही, घरी गेलेल्याची चौकशी होते. सांतानवहिनीने चर्चच्या पायऱ्यांवर पर्स उघडली, ओळखपत्र काढलं आणि सगळ्यांदेखत लाविनोच्या हातात ठेवलं. म्हणाली, मादीन उभी आहे, तिला मत नको द्यायला?

मादीन म्हणजे पिएदाद, बाप्तिस्म्याच्या वेळी लाविनोला हातात धरणारी त्याची धर्ममाता. शिवणकाम करते, आणि तिच्या जिभेपुढे कात्री बोथट. वाड्याची पंच व्हायला तीच उभी होती. लाविनोने माझ्याकडे बघितलं. मी चर्चच्या घंटेकडे बघितलं. नाही म्हणायचं तर का नाही तेही सांगायला हवं होतं, आणि ते तिथे, आईसमोर, अख्ख्या वाड्यासमोर. पोरगं गेलं आत आणि बोट काळं करून बाहेर आलं.

निकाल लागला. पिएदाद जिंकली, एका मताने.

फटाके वाजले. पिएदाद घरोघर आभार मानायला गेली आणि प्रत्येक घरात म्हणाली, ते एक मत तुमचंच. सगळ्यांना ते खरं वाटलं. लाविनोच्या घरात मात्र ते खरंच खरं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही. आईने पोट बिघडलं समजून त्याला आल्याचा काढा पाजला.

संध्याकाळी तो माझ्या घरापुढच्या पडवीत, बलकावावर येऊन बसला. बोट लपवायला मूठ आवळलेली. विमानतळावर पोर्तुगीज पासपोर्ट दाखवताना बोटावर भारतातल्या मतदानाची शाई, बघणारा काय म्हणेल, असं विचारत होता. मी म्हटलं काजूच्या टरफलाचं तेल लाव, शाई जाईल. कातडीही जाईल, पण शाई नक्की जाईल. तो हसला नाही. म्हणाला, शाईचं मला तेवढं नाही अंकल, त्या एका मताचं आहे.

तेवढ्यात जेरोनिम आला. हरलेला उमेदवार तोच. होड्या आहेत त्याच्या, माणूस मोजकं बोलणारा. रोज संध्याकाळी माझ्याकडे पेलाभर फेणी घेतो, त्या दिवशीही आला. निवडणूक हरलं म्हणून फेणी थोडीच चुकवायची? मी ओतली. त्याने अर्धी संपवली आणि लाविनोला म्हणाला, "हात बघू."

लाविनोने मूठ उघडली.

"शाई चांगली बसलीय," जेरोनिम म्हणाला. "पुता, मी परदेशातून, मुलीकडून परत आलो ना, त्याच विमानात तू होतास. मी मागे होतो, तुला दिसलो नाही. उतरल्यावर मी आपल्या लोकांच्या रांगेत उभा राहिलो. तू परदेशी लोकांच्या रांगेत."

लाविनोने मूठ मिटली. मी विचारलं, मग आता कोर्टात जाणार का?

"कशाला? तुझ्या मित्राच्या पोराला वकिलापुढे उभं करून मी पंच होऊ?" आणि मग लाविनोकडे वळून, आवाज न चढवता, "त्या रांगेत तुला कोणी ढकललं नव्हतं. पोटासाठी उभा राहिलास, बरं केलंस. माझी मुलगीपण उद्या राहील. पण दोन्ही रांगांत उभं राहायचं नाही रे. मागच्या माणसाचा नंबर जातो."

पेला उपडा ठेवून तो गेला. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

लाविनो तिथून उठला तो थेट पिएदादकडे. तिने काय काय ऐकवलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी वाड्याच्या क्रुसासमोर लदीन होतं, तिथे ती एकही ओळ गायली नाही. पिएदाद आणि गप्प, हे लोकांना चमत्कारासारखंच वाटलं. प्रार्थना संपली, उकडलेले चणे वाटून झाले, तशी ती जेरोनिमचा हात धरून त्याला माझ्या बलकावावर घेऊन आली. मागून लाविनो. आणि चण्यांचं उरलेलं पातेलं घेऊन सांतानवहिनी, कारण ते पातेलं माझं होतं.

पिएदादने मला टोपी आणायला सांगितली. मी माझी जहाजावरची टोपी आणली. तिने दोन चिठ्ठ्या सारख्या घड्या करून तिच्यात टाकल्या.

"ऐक जेरोनिम," ती म्हणाली. "एक मत खोटं होतं, मला कळलंय. ते काढलं की आपण बरोबरीत. बरोबरी झाली की निवडणुकीचा साहेब चिठ्ठी काढतो. तसंच करू. तुझं नाव आलं तर मी राजीनामा देते, गुडघे दुखतात सांगते. ते तसे दुखतातच."

जेरोनिम नको नको म्हणत होता. म्हणाला, तू जिंकलीस, बस खुर्चीवर, मला होड्या आहेत. ती म्हणाली, दान नकोय मला. दान घेऊन पाच वर्षं तुझ्यासमोरून जायचं कसं? सांतानवहिनी पातेलं धरून उभी, तिला कशाचाच पत्ता नव्हता. कोणाचं मत खोटं, तिने विचारलं.

"लाविनो, तू काढ," पिएदाद म्हणाली. तिच्या मनात वाईट नव्हतं. दोघांपेक्षा लहान, दोघांचा लाडका, म्हणून म्हणाली असेल.

लाविनोने हात पुढे केला. टोपीपर्यंत नेला आणि मागे घेतला.

"माझा हात नको," तो म्हणाला. "मी इथला मतदार नाही."

मग तो आईकडे वळला आणि त्याने सगळं सांगितलं. लिस्बन, एजंट, बापाची नोंद, परमिट नव्हतं ते. सलग सांगितलं, मधे थांबला नाही. सहा वर्षं पाठ केल्यासारखं. मी सांतानवहिनीकडे बघत होतो. बाकी सगळं तिने खालमानेने ऐकलं. बापाची नोंद म्हणाला तेव्हा तेवढी मान वर झाली.

"पायलापण केलंस?" तिने विचारलं. आमच्यात बापाला पाय म्हणतात.

"त्याच्याशिवाय माझं होत नव्हतं, माय."

तिने पातेलं खाली ठेवलं. पदर नसतो आमच्या बायकांना, तिने फ्रॉकलाच हात पुसले. मला वाटलं आता रडणार किंवा घरी जाणार. ती टोपीपाशी आली.

"त्याचा हात नको तर राहू दे," ती म्हणाली. "माझा अजून इथलाच आहे."

आणि तिने चिठ्ठी काढली. जेरोनिमची निघाली.

पिएदादने शब्द पाळला. गुडघ्यांचं सांगून राजीनामा दिला, पुढे पोटनिवडणुकीत जेरोनिमसमोर कोणी उभंच राहिलं नाही. वाड्याला आजही वाटतं पिएदादचे गुडघे फार वाईट आहेत. तिला जिना चढताना बघून बायका हळहळतात आणि ती मुद्दाम हळू चढते.

सांतानवहिनी मात्र मुलाशी बोलायची थांबली. जेवायला वाढायची, कपडे धुवायची, पण शब्द नाही. सांजांवच्या दिवशी पोरं डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून विहिरीत उड्या मारत होती. लाविनो काठावर बसून राहिला. त्याला कोणी ढकललंही नाही. वाड्याला कारण ठाऊक नव्हतं, पण माणूस ढकलण्यासारखा दिसत नसला की ते कळतं.

जाण्याआधी तो मला घेऊन पणजीला गेला आणि जुना पासपोर्ट जमा केला. उशिराचा दंड भरला, यादीतून नाव काढायला दिलं. खिडकीतल्या बाईने पासपोर्ट घेतला, त्याच्या बोटावरची शाई बघितली, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढच्याला हाक मारली. बाहेर येऊन आम्ही फेरीबोटीच्या धक्क्यावर चहा प्यायलो. तो म्हणाला, अंकल, हलकं वाटेल असं वाटलं होतं. मी म्हटलं, वाटेल नंतर. खरं तर मला काही ठाऊक नव्हतं. मी जन्मभर दुसऱ्या देशांच्या झेंड्यांखाली जहाजं चालवली, पण पासपोर्ट एकच बाळगला. ही ताटातूट माझ्या वाट्याला आलीच नाही.

निघायच्या दिवशी गाडी दारात. आमच्यात लांब जाणारा घरातल्या मोठ्यांपुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागतो. लाविनोने गुडघे टेकले. सांतानवहिनी उभीच. मी मनात दियोगला हाक मारली, म्हटलं तूच सांग आता तुझ्या बायकोला काहीतरी. बऱ्याच वेळाने तिने त्याच्या कपाळावर क्रूस काढला. मग त्याचा डावा हात उचलून ते बोट डोळ्यांजवळ नेलं. कातडीवरची शाई फिकी झाली होती, नखात मात्र घट्ट होती.

"हे आहे तोवर तू इथला," ती म्हणाली. "पुढचं पुढे बघू."

विमानतळावर त्याच्या बोटाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून दर रविवारी फोनवर चेहरा दिसला की ती आधी म्हणायची, बोट दाखव. तो दाखवायचा. फोन धरायला मी, कारण तिला तो उलटा धरायची सवय. नख वाढत होतं तशी काळी रेघ वर सरकत होती. आमच्याकडे भात कापून झाला, वाड्यात नाताळचे तारे लागले. रेघ अगदी टोकाला आली. मग एका रविवारी मला दिसलं, बाकीची नखं कापलेली, ते एकच लांब. गोदामातला मुकादम ओरडतो म्हणाला, खोक्यात अडकतं, तुटेल एखाद दिवस.

सांतानवहिनी पडद्याजवळ वाकली. मी फोन हलू दिला नाही.

"काप, पुता," ती म्हणाली. "नख कापल्याने बोट तुटत नाही."

त्याने तिथेच, आमच्या देखत कापलं. टक्क असा आवाज आला. माझं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं. मीही त्याच दिवशी मत दिलं होतं, पण माझी शाई कधी गेली ते मला आठवेना.

मग तिने त्याला विचारलं, जेवलास का, आणि काय जेवलास ते नीट सांग.