टेलरकाकांचा फॉर्म

"शेजाऱ्यांकडे कोण येतं-जातं, ते लिहून द्यायची नोकरी नको गं," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"अहो आई, साधा सर्व्हे आहे. मी काय हेर आहे?" म्हणत मी ते हसण्यावारी नेलं.

आमच्या सीमेच्या रक्षणासाठी समुद्रापलीकडच्या महासत्तेचं सैन्य आलं होतं. त्यांच्या कार्यालयाला घराघरातली माहिती हवी होती आणि मला लेकीच्या पाळणाघराजवळची नोकरी. एक रकाना रिकामा राहिला तरी फॉर्म परत यायचा. समोरच्या टेलरकाकांच्या फॉर्मवर शेवटचा रकाना उरला : सीमेपलीकडून कोणी येतं का?

"येतात की! तिकडच्या टेलरला कॉलर कुठे जमते?" काका हसले. "लिही पोरी, तेवढीच जाहिरात."

मी लिहिलं, 'होय, नियमित.' कपडे शिवून घ्यायला येतात हे लिहायला जागा नव्हती आणि मीही ती शोधली नाही.

नवव्या दिवशी सैनिक काकांना घेऊन गेले. मी खिडकीतून बघत राहिले. खाली जाऊन "अहो, ती गिऱ्हाइकं आहेत" एवढंच सांगायचं होतं. पण मलाही नेलं तर लेकीचं कसं, या भीतीने पाय उचलला नाही.

दोन महिने झाले, काका परतलेले नाहीत. दुकानावरच्या खोलीत काकू एकट्या आहेत. मी अर्धा जिना चढते आणि मागे फिरते. कुठल्या तोंडाने जाऊ?

तुम्ही आमच्या गल्लीतून गेलात, तर त्यांचं दार वाजवा. त्यांना कमी ऐकू येतं, जरा जोरात वाजवा. जेवल्या का, एवढं तरी विचारा.