पार्किंगचा स्लॅब आणि मांडवाच्या खुंट्या

मित्रांनो, मी एक जुना स्लॅब आहे, सक्करदऱ्यातल्या एका सोसायटीच्या दुमजली पार्किंगचा. माझ्या डोक्यावर मोटारी उभ्या असतात. खाली, माझ्या सावलीत, प्रयागबाईंचं इस्त्रीचं टेबल असायचं. आता मी फार थकलो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

तरुणपणी माझा काय तोरा होता! भर उन्हाळ्यात लोक माझ्या सावलीला यायचे आणि काम मजबूत झालंय म्हणायचे. पुढे उन्हानं मला भेगा पडल्या, त्यांतून पावसाचं पाणी आत शिरलं आणि माझ्या लोखंडी सळ्या गंजून फुगल्या. पोपडे पडू लागले. दुखणं वरच्या अंगाला, तरी लोक दरवर्षी खालून रंग मारायचे.

अखेर गेल्या उन्हाळ्यात सोसायटीचे सचिव वामनराव यांनी रीतसर दुरुस्ती करवली. कारागिरांनी सैल काँक्रीट फोडलं, सळ्या घासल्या, खड्डे भरले आणि वरून रबरासारखा वॉटरप्रूफ थर दिला. त्यावर पाणी साठवून पाहिलं. खाली एक थेंब आला नाही. प्रयागबाईंनी टेबलावर बांधलेलं प्लास्टिक सोडलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग तान्हा पोळा आला. पोरांचे लाकडी बैल भिजू नयेत म्हणून वामनरावांनी माझ्यावर मांडव घातला आणि त्याचे दोर बांधायला लोखंडी खुंट्या ठोकल्या. त्या नवा थर फोडून आत गेल्या. पोरं खूश होती, मी काय बोलणार?

पुढच्याच पावसात प्रयागबाई म्हणाल्या, "काकाजी, पाणी टपकून राहिलं ना."

"काहून? भोकं तं मी सिमेंटनं बुजवली होती," वामनराव म्हणाले. पण सिमेंट त्या रबरी थराला धरत नाही, कडेच्या फटीतून पाणी पुन्हा माझ्या सळ्यांपर्यंत पोचलं.

हिवाळ्यात माझा एक तुकडा सुटून त्या टेबलावर पडला. प्रयागबाई कोळसा आणायला गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्या दिवसापासून त्या रस्त्यापलीकडे इस्त्री करतात.

यंदा माझी पुन्हा दुरुस्ती झाली. मांडवाचे बांबू वाळू भरलेल्या डब्यांत रोवायचं ठरलं. वामनराव स्वतः प्रयागबाईंना बोलवायला गेले.

"या ना बाई परत. आता काही भेव नाही."

"मले वाटते ना भेव, काकाजी. तिथं हात इस्त्रीवर अन् लक्ष सारं वर राहते."

वामनराव मान खाली घालून परतले. मित्रांनो, स्लॅबवर खुंटी ठोकण्याआधी एकदा जिना उतरा आणि खाली कोण काम करतं ते पाहून या. माझे खड्डे भरून निघाले, पण प्रयागबाई अजून उन्हातच उभ्या आहेत.