पूर्वेच्या खिडक्या

पुण्याच्या धायरीत हिंदुरावांनी उसाच्या रानावर छपराखालचा पोहण्याचा तलाव बांधला आणि तो सुनेच्या, तनुजाच्या हाती सोपवला, तेव्हा गावाने नाकं मुरडली. पण सकाळची बायकांची बॅच अशी काही भरली, की नाकं मुरडणाऱ्यांच्याच सुना-लेकी टोप्या घालून रांगेत उभ्या राहिल्या.

त्या बॅचमध्ये सगळ्यांत आधी पाण्यात उतरणारी आणि सगळ्यांत शेवटी निघणारी म्हणजे सुगराबी. साठी उलटलेली, गुडघे पार गेलेले. नवऱ्याने, करीम टेलरने, शिवून दिलेला गळ्यापासून घोट्यापर्यंतचा पोशाख घालून ती यायची. जमिनीवर चार पावलं टाकताना 'या अल्ला' म्हणणारी ही बाई छातीभर पाण्यात तुरुतुरु चालायची. "इथं आलं की मी सोळा वर्षांची होते बघ," ती तनुजाला सांगायची. तनुजा तिला चाची म्हणायची, आणि खरं सांगायचं तर सगळ्या बॅचमध्ये तिचा जीव चाचीवरच जास्त होता.

मग तलावाच्या तिरक्या अंगाला एक टोलेजंग इमारत उभी राहिली. सकाळचं ऊन तिने अडवलं नाही, पण तिच्या गॅलऱ्यांतून तलावाच्या पूर्वेच्या खिडक्या दिसू लागल्या. तिथून कुणी डोकावलं असंही नाही. पण तनुजाच्या मनाने घेतलं, चाचीच्या घरी हे कळलं तर तिचं येणं बंद होईल. पुण्यात फुटपाथ बदलायलाही चार जणांचे सल्ले मिळतात. तनुजाने मात्र कुणाला म्हणून विचारलं नाही. माणूस बोलावून तिने खिडक्यांवर दुधी रंगाचे प्लास्टिकचे पत्रे ठोकून घेतले, फटीसुद्धा बुजवल्या.

आता बाहेरची हवा आत यायची ती नेमकी त्याच खिडक्यांतून. ती थांबल्यावर, दमट हवा बाहेर फेकणाऱ्या पश्चिमेच्या पंख्यांना ओढायला हवाच मिळेना, आणि ते घोंघावू लागले. त्यांच्या ओढीने दार इतकं घट्ट बसायचं, की उघडायला दोघी लागायच्या. शिकवणाऱ्या बाईचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा तनुजाने पंखेही बंद करून टाकले.

महिनाभरात छताला घाम फुटला. भिंतींचे पोपडे निघाले, बाकांचे स्क्रू गंजले. आत शिरताच क्लोरीनचा उग्र वास नाकात जायचा. वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असं बायका एकमेकींना सांगायच्या आणि तनुजाही मान डोलवायची. खरं म्हणजे पाण्यावरची हवा कोंडून बिघडली होती. वास वाढला तशी तिने पाण्यातली पावडर वाढवली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच.

हिंदुराव एकदा डोकावले. "सूनबाई, लई कोंदट हाय हितं. विहिरीवर झाकण घालून कुणी पवतं व्हय?"

"आबा, बायकांचा प्रश्न आहे हो," तनुजा म्हणाली. बायकांचा प्रश्न म्हटलं की सासरे गप्प बसतात, हे तिला ठाऊक होतं.

चाचीला खोकला लागला. रस्त्याचा धुरळा, असं ती म्हणायची, आणि धायरीत ते कुणालाही पटावं. आल्याचा तुकडा गालात धरून ती पाण्यात उतरायची. एका सकाळी ती कठडा धरून उभी राहिली ती हलेचना. तोंड उघडं, पण श्वास आत जाईना. चौघींनी तिला उचलून उघड्यावर आणलं.

दवाखान्यातून ती परतली ती दम्याचा पंप घेऊन. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पोहण्याच्या तलावाकडे फिरकायचं नाही.

तनुजा घरी भेटायला गेली. चाची पलंगावर गुडघे शेकत बसली होती. तनुजाला राहवलं नाही.

"चाची, माझ्यामुळे झालं हे. मी खिडक्या बंद केल्या म्हणून हवा कोंडली. तुमच्यासाठीच केल्या होत्या. म्हटलं, घरचे तुम्हाला येऊ देणार नाहीत."

"माझ्यासाठी?" चाची तिच्याकडे बघतच राहिली. "अगं बेटा, मी तर सगळी झाकलेली. आमच्या यांनीच शिवून दिलं ना? मला वाटलं, तुम्हा बायकांना लाज वाटत असेल. मला तर ते ऊन आवडायचं. त्या खिडक्यांतून पाण्यावर पडायचं, मी त्यातूनच चालायचे. पण म्हटलं, एवढ्यासाठी काय बोलायचं."

एक प्रश्न विचारायचा होता फक्त. तनुजाला स्वतःची चीड आली, आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी तिने बॅचला विचारलं. "काढा की! आम्हाला वाटलं, चाचींसाठी लावलेत," बायका म्हणाल्या. पत्रे निघाले, पंखे निमूट फिरू लागले, छत वाळलं. वास असा गेला, की एकीने पाण्यात औषध टाकता ना, म्हणून खोचकपणे विचारलं.

एका सकाळी चाचीचा फोन आला. गुडघे फार दुखतात म्हणाली, इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच विचारलं, "ऊन पडतं का गं आता?"

"पडतं, चाची," तनुजा म्हणाली. ते उथळ बाजूला, चाचीच्या जागेवर पडलं होतं, आणि त्यातून कुणी चालत नव्हतं.