आनंदाबाईचे पंधरा तास

मी पृथ्वीगोल बोलतोय. भंडारा जिल्ह्यात, लाखनीजवळच्या एका गावात, बंद घरातल्या फळीवर, पाण्याच्या घागरीसाठी केलेल्या चुंबळीवर बसून बोलतोय.

बहात्तर साली मी इथल्या शाळेत आलो, तेव्हा लोखंडी पायावर ऐटीत फिरत असे. मुलं डोळे मिटून मला गिरकी द्यायची आणि बोट टेकेल तो देश आपला म्हणायची. किती बोटांनी माझे समुद्र झिजवले! जागेश्वरचं बोट मात्र नेहमी फार लांब जाऊन थांबायचं.

एकोणऐंशी साली तो खरंच लांब निघाला. टोरांटोला. नोकरीसाठी. नवऱ्यामागे एकटीनं त्याला वाढवणारी आनंदाबाई धानाच्या बांधीतून तशीच चिखलाच्या पायांनी शाळेत आली.

"गुरुजी, कितीक दूर हाये जी थे गाव?"

कृष्णराव गुरुजींनी माझ्यावर दोरा ताणला. नागपूर, मुंबई, लंडन, टोरांटो. एक वीत आणि चार बोटं भरला. मग फळ्यावर गणित मांडलं. साडेतेरा हजार किलोमीटर, विमान तासाला नऊशे.

"पंधरा तास, आनंदाबाई."

"बस? आमच्या तुलारामची बैलबंडी त नागपूरहून यायले दोन दिस लावते! मंग मी कायले रडून राहिली?"

गुरुजी खूश झाले. गणित बरोबरच होतं. फक्त ते सगळं हवेतलं होतं.

पुढं माझा पाय मोडला. शाळेनं मला अडगळीत टाकलं, तेव्हा आनंदाबाईनं मागून नेलं. देव्हाऱ्याशेजारी चुंबळीवर बसवलं, गुरुजींनी मोजलेला तो दोरा माझ्याभोवती गुंडाळला. रोज मला पुसून ती टोरांटोवर हळदीचं बोट टेकवायची.

शेजारीण ललिताबाई चिडवायची, "देवाले फूल नाही, आन या भोपळ्याले हळद!"

"माहा पोरगा रायते वं त्याच्यात."

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर धानकापणीत तिच्या पोटात कळ उठली. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलंय, आत्ताच्या आत्ता नागपूरला न्या. गुरुजींनी सकाळीच जागेश्वरला तार केली होती. जीपही दारात आणली. पण बाईनं खाटेचा दांडा सोडला नाही.

"तार गेली न जी? मंग पंधरा तास. पोरगा येईन, आन घराले कुलूप दिसन त? माय मेली समजन थो."

"अहो बाई, तार पोचायला वेळ लागतो. रजा, तिकीट, मुंबईचा मुक्काम..."

"तुमीच त मोजलं होतं जी."

जीप रिकामी परतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, तीस तास उलटल्यावरही, ती ललिताबाईला म्हणाली, "फाट्यावर उतरला असन थो. जा वं, पाहून ये." ललिताबाई परत आली, तोवर सगळं संपलं होतं.

जागेश्वर सहाव्या दिवशी आला. तार त्याच्या हाती तिसऱ्या दिवशी पडली होती. त्यानं गुरुजींसमोर माझ्यावरचा दोरा सोडला, पुन्हा ताणला.

"बरोबर मोजलं होतं, गुरुजी."



मुलांनो, मला फिरवा, माझ्यावर देश शोधा, जरूर शोधा. मास्तरांनो, तुम्ही दोरा ताणा. पण वाट पाहणाऱ्या आईला नुसता आकडा देऊन घरी पाठवू नका, एवढं हात जोडून मागितलं असतं. मला हात नाहीत. आणि माझं ऐकायला या घरात कोणी नाही.

तेराव्यानंतर जागेश्वर गेला. ज्याच्या भीतीनं ती नागपूरला गेली नाही, ते कुलूप तेव्हापासून दाराला आहे.